फियाट ‘व्हिंटेज’ होईपर्यंत तिला सांभाळणार कोण?

३० ऑक्टोबर २०२३. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी त्या दिवशी अधिकृतपणे निवृत्त झाली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली गाडी. मुंबईत टॅक्सीचं कमाल वय वीस वर्षं. तारीख आली, गाडी गेली. त्याआधी दीड महिना बेस्टची जुनी डबलडेकरही गेली होती, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्यांच्याच वॉलवर हळहळ होती. निदान एक पद्मिनी तरी जतन करून ठेवा, अशी मागणी टॅक्सी युनियननेही केली होती.

हळहळ मीही केली. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. जी गाडी साठ हजारांच्या घरात टॅक्सी म्हणून धावत होती आणि जिने निम्म्या मध्यमवर्गाला लग्नाला, बारशाला आणि हॉस्पिटलात नेलं, तिच्यातली एक जतन करायला निवेदन द्यायची वेळ का यावी? आणि त्याच वेळी राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉईस मात्र ठणठणीत कशा?

“पैसा” हे उत्तर आहेच. पण तेवढंच नाही. गाडी म्हातारी होईपर्यंत ती कोणाच्या हातात असते आणि त्या हातांना कायदा काय समजतो, यावरही बरंच ठरतं. म्हणून थोडा इतिहास.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचं नाव. जहाजं, विमानं, साखर असं सगळं करून झाल्यावर त्यांनी मोटारींचा ध्यास घेतला आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्यांची जुळणी सुरू झाली. तेव्हा मुंबईत जुळणी करणारे ते एकटे नव्हते. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत होती, फोर्डही होती. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडले जायचे, गाडी विकली जायची.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवावी लागेल. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, फियाटचा हात धरून.

या एका निर्णयाचे परिणाम सहसा उद्योगाच्या अंगाने सांगितले जातात. गल्लीतल्या मेकॅनिकच्या अंगाने पाहिलं तर गोष्ट वेगळीच दिसते. शेव्हरोले, डॉज, ब्यूक, हडसन अशा हजारो गाड्या तेव्हा रस्त्यावर होत्या. त्यांची कंपनी निघून गेली, आयात बंद झाली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी मात्र मालकाला चालवायचीच होती, कारण नवी मिळत नव्हती. मग पिस्टन दुसऱ्या गाडीचा, बुश लेथवर वळवलेला, रबर चपलांच्या कारखान्यातून कापून आणलेलं. पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येक अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. चोरबाजार, ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. ही सगळी ठिकाणं या टंचाईवर वाढली.

फियाटचंही तेच. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’, मग मागे पंखांसारखे कोपरे असलेली एलिगंट, १९६४ पासून डिलाइट, १९७२ च्या सुमारास ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, पण इंजिन तेच १०८९ सीसीचं आणि सांगाडाही जवळजवळ तोच. १९६९ मध्ये सरकारने कारच्या किमतींवर नियंत्रण आणलं, तेही प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मिळाली की ती मुलाच्या लग्नापर्यंत टिकवायची, हा काळ १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत चालला.

त्यामुळे आपल्याकडे ‘घरी गाडी रिस्टोअर करणं’ हा कधी छंद नव्हताच. ती गरज होती. रविवारी सकाळी बाबा जुना बनियन घालून बॉनेट उघडायचे. कार्बोरेटर पेट्रोलच्या वाटीत बुडायचा, प्लग पॉलिश पेपरने घासले जायचे, आणि आपल्याला टॉर्च धरायला उभं केलेलं असायचं. (टॉर्च हलला की ओरडा.) खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली की इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, हे वकिलाला, डॉक्टरला, शाळामास्तराला, सगळ्यांना ठाऊक होतं. उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, हे कारण माहीत नसलं तरी फडकं माहीत होतं.

आणि जे मालकाला जमायचं नाही त्याला मेकॅनिक होता. ‘स्वतःच्या हाताने’ याचा आपल्याकडचा अर्थ युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. तिकडे घराला लागून गॅरेज असतं, मजुरी महाग असते, म्हणून माणूस स्वतः वेल्डिंग शिकतो. आपल्याकडे चाळीत आणि सोसायटीत जागा नाही, पण मजुरी स्वस्त. म्हणून मालक उस्तादच्या शेजारी स्टुलावर बसतो, चहा पाजतो, सामान आणून देतो आणि बघता बघता शिकतो. हात त्याचे, हट्ट आपला.

आता तिकडची एक गोष्ट सांगतो, कारण आज ज्याला आपण ‘प्रोफेशनल रिस्टोरेशन’ म्हणतो ते तिकडूनच आलं आहे.

कॅलिफोर्नियात पेबल बीच इथे १९५० पासून देखण्या गाड्यांची स्पर्धा भरते. आज जगातली सगळ्यात मानाची. सुरुवातीची वर्षं तिथे पहिलं बक्षीस नव्या कोऱ्या गाड्यांना मिळायचं. जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी, तिचं काय कौतुक! १९५५ मध्ये फिल हिल नावाचा एक तरुण आपल्या मावशीची १९३१ ची पिअर्स-ॲरो घेऊन आला. गाडी त्याने स्वतः मेहनत करून नीट केली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. महायुद्धापूर्वीच्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हाच फिल हिल पुढे १९६१ मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, आणि सत्तरच्या दशकात त्याने भागीदाराबरोबर सँटा मोनिकात गाड्या रिस्टोअर करण्याचा कारखाना काढला.

बघा हं क्रम. आधी घरची गाडी, मग बक्षीस, मग धंदा. घरगुती कामाने दर्जा ठरवला आणि नंतर त्या दर्जावर धंदा उभा राहिला. पुढची काही दशकं त्या धंद्यात चढाओढ लागली ती चकचकाटाची. कारखान्यातून निघाली तेव्हाही जी गाडी इतकी गुळगुळीत नव्हती तिला आरशासारखा रंग, स्क्रूच्या खाचासुद्धा एका रेषेत. हजारो तासांचं काम. साहजिकच ते श्रीमंतांचं झालं.

आणि मग वारं फिरलं. २०१२ मध्ये जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, ‘फिवा’ने, ट्यूरिन सनद केली. तिचा सूर असा की गाडी रिस्टोअर करताना तिला कारखान्यातून निघालेल्या दिवशी होती तशीच केली पाहिजे असं नाही. वापराच्या काळात तिच्यात जे बदल झाले तोही तिचा इतिहास आहे. २०२४ मध्ये पेबल बीचला पहिलं बक्षीस मिळालं १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला. ती नव्याने रंगवलेली नव्हती, जतन केलेली होती, जुन्या खुणा अंगावर असलेली. जतनाच्या गटातल्या गाडीला सर्वोच्च मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. सत्तर वर्षं घासून-पुसून झाल्यावर त्यांना कळलं की सुरकुत्याही मोलाच्या असतात.

आपल्याकडे काय झालं? संस्थानं गेली, १९७१ मध्ये तनखे गेले, आणि राजवाड्यांतल्या गाड्या मिळेल त्या भावाला बाहेर पडल्या. काही जाणत्या संग्राहकांनी त्या घेतल्या आणि सांभाळल्या, त्यांचे उपकारच म्हणायचे. काही घराण्यांनी जिद्दीने ठेवल्या. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक पाहायला लोक आजही गर्दी करतात. कोलकात्याच्या स्टेट्समन वृत्तपत्राने साठच्या दशकात जुन्या गाड्यांच्या रॅली सुरू केल्या, मुंबईतही क्लब झाले. ‘व्हिंटेज’ या शब्दाचा आपल्या डोक्यातला अर्थ तिथेच घडला. महाराजा, पितळी भोंगा, फेटेवाला ड्रायव्हर. त्यात काळी-पिवळी बसत नव्हती.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र पद्मिनीलाही भाव आला. लग्नाचे फोटो, वेबसिरीजचं शूटिंग, कॅफेच्या दारात उभी केलेली गाडी. शहराशहरात रिस्टोरेशनचे स्टुडिओ निघाले. काम बरेचदा उत्तम असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. फियाटचा सांगाडा वेगळा नाही, पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या तर तो नुसता सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, गाडी मधूनच वाकू शकते. तिथे नीट मापं घेऊन, आधार देऊन, पत्रा कापून नवा बसवणं हे ज्याचं त्यानेच करायचं काम आहे. बंपरला क्रोम चढवणं, सिलिंडर बोअर करणं ही कामंही घरची नव्हेत.

घरच्या कामाने गाड्यांची वाट लागलेलीही मी पाहिली आहे. गंजावर पुट्टीचा थर, वर झकास रंग, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे. वायरिंग तोडून कुठूनही कुठे जोडलेलं. मूळ घड्याळ आणि मीटर भंगारात टाकून चायनीज काहीतरी चिकटवलेलं. ‘मी केलं’ याचा अभिमान असावा, पण सडलेला पत्रा अभिमानाने थांबत नाही.

पण ब्रेक, कार्बोरेटर, डायनमो, स्टीअरिंगचे सांधे, ग्रीसिंग, रबरं, सीटा ही कामं पुस्तक, पान्यांचा सेट आणि एक चांगला मेकॅनिक यांच्या जोरावर कोणीही करून घेऊ शकतं. गाडी टिकते ती याच कामांवर. स्टुडिओतून चकाचक होऊन आलेली गाडी दोन वर्षं नुसती कव्हरखाली उभी राहिली तर टाकीत गंज आणि ब्रेकची सिलिंडरं जाम. रोज मंडईत जाणारी खरचटलेली गाडी तिच्यापेक्षा धडधाकट असते.

डोंबिवलीचे आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी एका स्टुडिओकडून अंदाज मागवला. आकडा असा आला की त्यात नवी हॅचबॅक दारात उभी राहिली असती. काका म्हणाले, “अरे, मला गाडी नको आहे, गाडी आहे माझ्याकडे.” मग त्यांनी जुना उस्ताद शोधला. सत्तरी उलटलेला, डोळ्यांनी अधू, पण आवाजावरून टॅपेट सेट करणारा. त्याचा मुलगा त्याच अंदाज देणाऱ्या स्टुडिओत पगारावर डेंटिंग करतो, हे काकांना नंतर कळलं.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महागडं काम आणि गल्लीतलं काम यांत हात पुष्कळदा तेच असतात. स्टुडिओच्या बिलात जागेचं भाडं, रंगाची बंद खोली, कागदपत्रं, फोटो, नाव हे सगळं असतं, ते खोटं नाही. पण उस्तादचं नाव तिथे नसतं. त्याच्या गल्लीतलं दुकान पुनर्विकासात गेलेलं असतं. त्याच्यानंतर किंगपिनचं काम कोणी शिकलेलं नाही, कारण शिकून पोट भरेल एवढ्या फियाट उरल्या नाहीत.

आणि आता कायदा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. चांगली गोष्ट, तोपर्यंत काही नव्हतंच. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, पुढे नूतनीकरणाला ५,०००. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. आणि मुख्य अट म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत.

‘मूळ स्वरूप’ हे शब्द ऐकायला बरोबर वाटतात. पण ज्या देशात तीस वर्षं सुटे भागच मिळत नव्हते तिथे मूळ स्वरूपात कोणाची गाडी राहिली? जिच्या मालकाकडे तीन गाड्या होत्या आणि ही गॅरेजात उभी होती, त्याची. ज्याने गाडी चालवली, त्याने डिझेल इंजिन बसवलं, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स लावला, दोनदा फ्लोअर बदललं. टॅक्सीवाल्याने तर सरकार आणि कोर्टाच्या सांगण्यावरूनच सीएनजी किट लावलं. पत्रा वेल्ड करणं हा फेरफार की दुरुस्ती, हे कोण आणि कसं ठरवणार? ट्यूरिनची सनद ज्याला इतिहास म्हणते, त्याला आपला नियम खोट समजण्याची शक्यता आहे.

त्याहून मोठी अडचण आहे ती पन्नास वर्षांपर्यंत पोचण्याची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९० ची पद्मिनी घ्या. ती २०४० मध्ये व्हिंटेज होईल. तोपर्यंत २००५, २०१०, २०१५, २०२०, २०२५, २०३० आणि २०३५ अशी सात वेळा आरटीओची पायरी. एप्रिल २०२२ पर्यंत ही फी ६०० रुपये होती, मग ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या कारला १०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, शिवाय तपासणी. २०२१ च्या भंगार धोरणातून व्हिंटेज गाड्यांना सूट आहे, पण ती पन्नाशी गाठल्यावर. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांच्या पट्ट्यात गाडी कायद्याच्या लेखी फक्त जुनाट आणि धूर सोडणारी. आपल्याकडे दिल्लीसारखी पंधरा वर्षांची तलवार नाही, एवढाच दिलासा.

प्रदूषणाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. रोज दोनशे किलोमीटर पळणारी जुनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ते बरंच झालं. पण महिन्याला शंभर किलोमीटर चालणाऱ्या, नीट ट्यून केलेल्या खासगी फियाटला आणि त्या टॅक्सीला एकच न्याय कशाला? वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घालून तीस वर्षांपुढच्या गाड्यांचा वेगळा वर्ग करता येईल. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी नंबरप्लेट मिळते, नंबरापुढे ‘एच’ लावून, आणि ती गाडी रोज चालवायलाही बंदी नाही. काळाला धरून असलेली दुरुस्ती ग्राह्य धरावी, एवढं एक वाक्य आपल्या नियमात घातलं तरी पुष्कळ होईल. आणि आयटीआयमध्ये जुन्या उस्तादांना शिकवायला बोलवा की! कार्बोरेटर, गॅस वेल्डिंग, हाताने पत्रा ठोकणं. प्रमाणपत्र नसलं तरी त्यांच्याइतकं कोणाला येतं?

काकांच्या गाडीचं सांगायचं राहिलं. आठ महिने लागले. रंग डाव्या दारावर किंचित वेगळा दिसतो, उजेडात कळतं. इंजिन मूळचंच, दोनदा बोअर केलेलं. फ्लोअर उस्तादने बदललं, मुलाने रविवारी येऊन वेल्डिंग केलं. २०२३ ला नोंदणीचं नूतनीकरण झालंय, २०२८ ला संपेल. त्याच वर्षी गाडी पन्नाशीची होईल.

तेव्हा त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत. १०,००० भरून आणखी पाच वर्षं साधी गाडी म्हणून चालवायची, किंवा २०,००० भरून दहा वर्षं व्हिंटेज म्हणून. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला, वर्षाला दोन हजारच पडतात, दोन्हीकडे सारखेच. व्हिंटेज करून टाका, म्हटलं, मान मिळेल, भंगाराची भीती जाईल.

काकांनी नियम नीट वाचून घेतला. चष्मा काढला आणि विचारलं, “मग मंडईत कशाने जाऊ?”